बरडाची माती

भाताच्या रोवण्याचा तो शेवटचा दिवस होता. सकाळपासून पावसाची झिमझिम होती, पण कामाला अडवेल असा पाऊस नव्हता. शेवटच्या बांधीत, बांध घालून पाणी अडवलेल्या तुकड्यात, बाया ओळीने वाकल्या होत्या. लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाठीवर खताच्या पोत्यांची प्लास्टिकं बांधलेली, डाव्या हातात पऱ्ह्याची, भाताच्या रोपांची पेंडी आणि उजव्या हाताची चार बोटं चिखलात बुडून वर येत होती. एक पाऊल मागे, पुन्हा चार बोटं, पुन्हा एक पाऊल मागे.

रंजीता मधोमध होती. तिच्या कंबरेत दुपारपासून सळई घातल्यासारखं दुखत होतं, पण दोन्ही बाजूंच्या बाया उभ्या राहत नव्हत्या म्हणून तीही उभी राहत नव्हती.

"हे पाहा व," शेजारची सोमारी ओरडली, "पुस्तकवाल्या बाईची ओळ पाहा. धामण चालली वावरातून."

बाया हसल्या. टोकाला असलेली शकुबाई, रंजीताची आई, मान वर न करता म्हणाली, "चालू दे धामण. भाताले का शाळेत जाचं हाये सरळ उभं राहून?"

"तू त तिचीच बाजू घेशीन, शकुबाई."

"मंग का तुही घेऊ?"

शेवटची पेंडी संपली तेव्हा धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, छत्री घेऊन उभ्या असलेल्या डोमाजीला कळलं की आपली वेळ भरली. रोवणा संपला की बाया मालकाला चिखल लावतात आणि जेवणासाठी कोंबडा कबूल करून घेतात. तो मागे सरला, पण मागे नाली होती. सोमारीने त्याची छत्री ओढली आणि शकुबाईने दोन्ही तळवे भरून चिखल आपल्या नवऱ्याच्या गालांना असा फासला, जसं कुणी भिंत सारवावी.

"कोंबडा कबूल करा!"

"करतो, करतो बापा! नाकात जाऊन राह्यला!"

डोमाजी हसत होता. एरवी घरात तो दिवसाला दहा शब्द बोलला तर पुष्कळ. रंजीता धुऱ्यावर बसून पायांच्या बोटांमधला चिखल काढत होती. बापाला असं हसताना तिने फार वर्षांनी पाहिलं.

घरी परतताना शकुबाई सरळ घरात न शिरता मागच्या वाडीत गेली. रंजीता तिच्या मागे. वाडीचं तळं झालं होतं. वरच्या अंगाला मोठा तलाव भरला की त्याचा पाझर आता इकडे येत होता. पूर्वी येत नव्हता, दोन वर्षांपासून येत होता. वांग्यांची झाडं पिवळी पडून माना टाकून उभी होती. मिरची तर गेलीच होती. सावली गावच्या बाजारात शकुबाईच्या पाटीभोवती बाया थांबायच्या ते तिच्या वांग्यांसाठी आणि सांबारासाठी, म्हणजे कोथिंबिरीसाठी, आणि यंदा पाटीत न्यायला काही नव्हतं.

"औंदा वर उचलाची वाडी," शकुबाई म्हणाली.

"वर कशी उचलाची?"

"गाद्या कराच्या. बांबूच्या कामट्यांचं कुंपण घालून आत माती भराची, मांडीइतकी उंच. पाणी खालून गेलं त गेलं." तिने वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली, फेकली. पुढे जाऊन दुसरीकडची उचलली. "पण माती ही नाई चालत. हिच्या पोटातलं पाणी हटतच नाई. पाहून आणा लागन."

"बाबाले इचारू?"

"त्याले नको इचारू." शकुबाई हसली. "तुहा बाप मातीले एकच गोष्ट इचारते, पाणी धरशीन काय. भातवाला माणूस हाये थो."

रात्री जेवणं झाल्यावर रंजीताने हळद घालून तेल कोमट केलं आणि आईच्या पायांना लावलं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, कातडी पांढरी पडून फाटली होती. शकुबाईने पाय मागे ओढला नाही. डोळे मिटून ती म्हणाली, "उद्या बाजारातून येतो, मंग पाहू आपून दोघी. बरडाकडे जाऊ."

दुसऱ्या दिवशी बाजारात, शेजारणीच्या वांग्यांचा ढीग लावू लागताना, शकुबाई एका कुशीवर टेकली. बायांना वाटलं थकून बसली. गाडी करून गडचिरोलीला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

*

तेरवी झाली आणि पाहुणे पांगले. डोमाजीचा धाकटा भाऊ खुशाल शेजारच्याच घरात राहत होता. तो छपरीत येऊन बसला, सुपारी कातरत. खुशालकाकाला गावातल्या प्रत्येक गोष्टीवर काही ना काही सुचत असे आणि सुचलेलं पोटात राहत नसे.

"भाऊ, एक सांगू काय?"

डोमाजी खांबाला टेकून बसला होता.

"तलावाच्या कामाले जेसीबी आली हाये गावात. तिच्याच हातून वाडी खोल करून घे. आणखी एक बांधी होईन. पाणी आपोआप येऊन राह्यलं, त भात घे. वहिनी होती तवा ठीक होतं. आता कोण करन भाजीपाला?" त्याने सुपारीचा तुकडा तोंडात टाकला आणि आवाज खाली आणला, पण आत चुलीपाशी बसलेल्या रंजीताला ऐकू जाईल इतकाच. "आन रंजीताच्या सासरून, वडशाहून निरोप आला हाये. जावयाचा, अजयरावचा मोठा भाऊ म्हणत होता, झालं गेलं. मायसाठी आली होती, आता माय नाई. दिवाळीच्या आधी येऊन घेऊन जाऊ म्हणते. घर चांगलं हाये, भाऊ. तूच पाह्यलं होतं."

"हं," डोमाजी म्हणाला.

रंजीता चुलीत लाकूड सारत राहिली. दोन वर्षांपूर्वी ती एक कपड्यांची पिशवी आणि पुस्तकांच्या तीन खोक्यांसह आली तेव्हा शकुबाईने दारातच खोकी उतरवून घेतली होती आणि विचारलं काही नव्हतं. डोमाजीनेही नाही. फक्त खोक्यांना वाळवी लागू नये म्हणून त्याने खाली विटा लावल्या होत्या. यापलीकडे त्या विषयावर या घरात शब्द झाला नव्हता. लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. घर पक्कं, ओलिताचं वावर, माणसं शांत, असं बघून बाबा आले आणि तारीख ठरली. ती काही बोलली नव्हती. बापासमोर 'नाही' हा शब्द तिने जन्मात उच्चारला नव्हता.

आताही ती दारात येऊन जे बोलली ते प्रश्नासारखंच बोलली.

"बाबा, वाडीत एक गादी करून पाहू काय? मायनं सांगितलं होतं."

डोमाजीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखालची कातडी सुटली होती.

"एक कर," तो म्हणाला. "पाहू."

"गादी!" खुशाल हसला. "आता वांगे गादीवर झोपतीन. चादर पण टाक व पोरी."

*

बांबू घरचेच होते. रंजीताने कामट्या फाडल्या, खुंट ठोकले, दोन दिवस विणत बसली. बोटांत कुसळं गेली ती सुईने काढली. सोमारीने एका बाजूचं विणून दिलं आणि तिच्या विणीला नावंही ठेवली. गादी उभी राहिली, पुरुषभर लांब, मांडीइतकी उंच, रिकामी.

माती पाहायला बरडाकडे जायचं ती ठरवत होती, तेवढ्यात वाडीच्या फाटकाशी बंडी थांबली. बैलांच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. डोमाजी बंडीवरून उतरला. तोही तसाच माखलेला. बंडी मातीने भरली होती, काळी, चकचकीत, फावड्याच्या पात्याचे काप जसेच्या तसे दिसणारी.

"कन्हार हाये," तो म्हणाला. "खालच्या बांधीची."

रंजीता बघत राहिली. खालची बांधी म्हणजे घरातली सगळ्यांत चांगली जमीन. तिथली माती भातवाला माणूस दुसऱ्याला तर सोडाच, स्वतःच्या दुसऱ्या बांधीतही टाकत नाही. त्याने रोवलेलं भात एका कोपऱ्यात उपटून, बांधीचं पाणी फोडून ती माती कापून आणली होती. कुणाला न सांगता, एकट्याने, या वयात.

"बाबा, इतकी..."

"तुह्या मायच्या वाडीले वाईट माती कशी टाकाची?"

आई काय म्हणाली होती ते रंजीताच्या ओठापर्यंत आलं. हिच्या पोटातलं पाणी हटत नाही. पण तेरवीनंतर बाप पहिल्यांदाच आपणहून काही करून आला होता. ती फावडं घेऊन बंडीवर चढली. दोघांनी मिळून गादी भरली. खुशालकाका कुंपणावरून बघत म्हणाला, "वा! आता कशी गादी शोभली. अशा मातीत त दगड पेरला त उगवन."

तिने एका अंगाला सांबार पेरला, दुसऱ्या अंगाला सोमारीकडची वांग्याची रोपं लावली. पोळ्याच्या आधी पाऊस लागला तो उघडेचना. गादीच्या माथ्यावर पाणी साचलं. रंजीता रोज सकाळी काडीने चर पाडून पाणी काढायची, दुपारी पुन्हा साचलेलं असायचं. कामट्यांच्या फटींतून एक थेंब खाली येत नव्हता. वांग्यांची रोपं बुंध्याशी मऊ पडली आणि एकामागून एक आडवी झाली. मग ऊन पडलं आणि चार दिवसांत तीच गादी विटेसारखी झाली. भेगांमध्ये बोट जात होतं. एका भेगेत तिला सांबाराचा दाणा सापडला. मोड आला होता, पण मोडाला वर यायला वाट मिळाली नव्हती.

"काऊन व रंजीता," खुशालकाकाने कुंपणावरून विचारलं, "उठले नाई काय अजून तुहे वांगे? गादी लय नरम झाली वाट्टे." मग डोमाजीकडे वळून, "भाऊ, जेसीबी अजून गावातच हाये."

डोमाजी गादीजवळ आला, वाळलेलं ढेकूळ हातात घेऊन त्याने ते दाबलं. फुटलं नाही. ते खाली टाकून तो बैलांकडे गेला. त्याच्या चालण्यात असं काही होतं की रंजीताला खुशालकाकाचा रागसुद्धा येईना. बापाने आपल्या हातचं सगळ्यांत चांगलं दिलं होतं आणि ते मेलं होतं, आणि आता तो त्यातही आपलंच काही चुकलं असं धरून बसणार होता.

*

सोमारी आणि आणखी दोघींबरोबर ती ऊन वर आल्यावर बरडाकडे निघाली. वाघीण पिल्लांसह तिकडच्या नाल्यात असल्याचं वनरक्षकाने सांगितलं होतं, म्हणून चार बाया मिळूनच जायचं आणि बोलत जायचं. सोमारीला त्याची अडचण नव्हती.

बरड म्हणजे गावाची टाकून दिलेली जागा. तांबडी, खड्यांची, वर पळसाची आणि मोहाची झाडं. तिथे कुणी काही पेरत नाही, पाऊस पडला की पाणी दिसेनासं होतं.

रंजीताने घरून लोटा आणला होता. जागोजाग ती मूठभर माती ओली करून गोळा वळायची, बोटाने टोचून बघायची. वळलेला गोळा टोचताच फुटला तर चांगलं, बोट रुतून बसलं तर नाही. मग खड्ड्यात लोटाभर पाणी ओतून उभी राहायची. नाल्याच्या अंगाला माती चिकट होती. उंचावर नुसते खडे. मधे, मोहाच्या झाडांखाली, जिथे वर्षानुवर्षं पानं पडून कुजली होती, तिथे पाणी ओतलं ते मातीने एका घोटात पिऊन टाकलं, आणि तरीही हात घातला तर आत ओल होती.

"लोकं जमीन पाहाले येते त अशीच पाहाते," सोमारी म्हणाली. "तू त पोरगी पाहाले आल्यावानी टोचून राह्यली तिले."

"पोरीले कोणी टोचत नाई, वरून पाहून जाते," रंजीता म्हणाली, आणि म्हटल्यावर स्वतःच थबकली. बाया हसत होत्या. तीही हसली.

त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस ती डोक्यावर टोपली घेऊन बरडावरून वाडीत माती आणत राहिली. मानेचे स्नायू रात्री दगड व्हायचे. वाटेत माणसं विचारायची, "बरडाची माती? कशाले?" ती म्हणायची, "घराले पाहिजे." राइस मिलच्या मागे कोंड्याच्या राखेचा डोंगर होता, तिथून दोन पोती राख आणली. जुनं, मुरलेलं शेणखत उकिरड्याच्या तळातून काढलं. आता फक्त गादी रिकामी करायची राहिली होती.

हेच सगळ्यांत जड होतं. बाप वावरात गेला असताना उरकून टाकावं असं तिच्या मनात आलं. सब्बल, लोखंडी पहार, घेऊन ती गादीपाशी उभीही राहिली. मग सब्बल खाली टेकवून तिने तो परत यायची वाट पाहिली.

डोमाजी आला. तांबड्या मातीचा ढीग त्याने पाहिला, राखेची पोती पाहिली, तिच्या हातातली सब्बल पाहिली.

"बाबा," ती म्हणाली, "ही माती इथी नाई चालत."

"कन्हार नाई चालत?"

"भाताले चालते. हे पाणी धरून ठेवते. गादीले सोडणारी पाहिजे."

डोमाजी तांबड्या ढिगापाशी वाकला. त्याने मूठभर उचलली, आणि सवयीने मूठ आवळली. मूठ उघडली तसे खडे आणि माती बोटांतून खाली सांडले.

"ही त पाणीच धरत नाई," तो म्हणाला.

"हो."

"हे पाहिजे तुले?"

"हो, बाबा."

तो वळला आणि गेला. रंजीताने सब्बल उचलली पण घाव घालवेना. आपण बापाच्या तोंडावर त्याचं दिलेलं फेकलं असं तिला वाटत राहिलं. मग गोठ्याकडून बैलांच्या गळ्यातल्या घंट्या वाजल्या आणि डोमाजी बंडी जुंपून वाडीत घेऊन आला. बंडी गादीला लावून त्याने तिच्या हातून सब्बल घेतली.

"बाजूले सर. तुह्यानं नाई फुटाची हे."

पहिल्या घावाला ढेकूळ उडालं. दुसऱ्या घावाला तो थांबला, घाम पुसला, आणि म्हणाला, "सांगितलं नाई पह्यलेच?"

"तुम्ही इतक्या मेहनतीनं आणली होती."

"त का झालं? परत नेतो." त्याने बंडीत पहिलं ढेकूळ टाकलं. "बांधीत गेलो का तो कोपरा दिसते. भात इकडं तिकडं सगळीकडं, आन मधातच खड्डा. रोज वाटे, का करून बसलो बापा मी." तो हसला. थोडंसंच, पण हसला. "पोटात दुखून राह्यलं होतं माह्या त्या मातीसाठी."

रंजीतालाही हसू आलं, आणि आलं ते थांबेना. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ढेकळं उचलून बंडीत टाकत होती. संध्याकाळपर्यंत कन्हार आपल्या बांधीत परत गेली.

*

बरडाची माती, राख आणि खत मिसळून गादी पुन्हा भरली आणि पेरलेला सांबार आठव्या दिवशी दिसला. आधी नुसती हिरवट झाक, मग वाकलेल्या माना, मग दोन दोन पानं. पुन्हा पाऊस आला, रात्रभर पडला. सकाळी वाडीत घोटाभर पाणी होतं आणि गादीच्या कामट्यांतून पाणी झिरपून खाली गळत होतं. माथ्यावर एकही डबकं नव्हतं. सोमारी येऊन उभी राहिली आणि काही टोचून बोलायचं सुचेना म्हणून म्हणाली, "विण माह्या बाजूची जास्त चांगली हाये."

खुशालकाका आला तेव्हा डोमाजी दुसऱ्या गादीचे खुंट ठोकत होता.

"भाऊ, वडशाहून फोन आला होता," खुशाल म्हणाला. त्याची नजर सांबारावर गेली आणि परत आली. "परवा येतो म्हणते ते लोकं. जीप घेऊन. का सांगू त्याईले?"

डोमाजीने खुंटावर घाव घातला. मग हातोडा खाली ठेवला.

"मी जेसीबीले कबूल होतो खुशाल, तुले माहीत हाये काऊन?" तो भावाशी बोलत होता, पण पाहत होता खुंटाकडे. "मले वाटलं, हे मायसाठीच राह्यली होती. आता जाईन. मंग माह्यानं एकट्यानं ही वाडी पाहवली नस्ती. तुह्या वहिनीची वाडी रिकामी पाहाची त्यापेक्षा भात बरा."

"मंग जाऊच दे ना तिले. घर चांगलं हाये, तूच..."

"घर मी पाह्यलं होतं. चांगलंच होतं. कन्हार पण चांगलीच होती." पुढचं डोमाजीला जमत नव्हतं. त्याने हात धोतराला पुसले, उगाच, दोन्ही बाजूंनी. "तवा मी इचारलं नाई. आता इचारतो. पोरी, तुले का वाटते?"

रंजीता गादीपाशी उकिडवी बसून गवत उपटत होती. हाताला तांबडी माती लागली होती. त्या घरात तिला कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. सकाळी उठून दिवसभर शांत माणसांमध्ये शांत राहायचं, आणि रात्री आठवायचं की आज आपण एकही वाक्य बोललो नाही. हे कुणाला सांगून कळेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आईला कदाचित न सांगता कळलं होतं. बापाला सांगावं लागणार होतं.

ती उभी राहिली. खुशालकाका होता, सोमारी कुंपणाशी होती. तरी तिने आवाज खाली आणला नाही.

"नाई, बाबा. मी तिथी जात नाई. मायसाठी नव्हती राह्यली मी. तवाच इचारलं अस्तं तरी मी नाईच म्हटलं अस्तं. मले इथी राह्याचं हाये, तुमच्यापाशी, ह्या वाडीत."